सोसणे आणि सांगणे

आमच्या सुर्ल्याच्या बाजूला मराठी आणि कोकणी या दोन भाषा एकाच घरात, एकाच चुलीभोवती नांदतात. देवळातली आरती, नाटकाच्या तालमी आणि शाळेचा फळा मराठीत. लाड, भांडण, बाजार आणि आजारपण कोकणीत. कुठली भाषा कुठे संपते हे आम्हांला स्वतःला कधी कळत नाही. मात्र दोन्हींत एक शब्द जवळजवळ सारखा आहे. मराठीत 'सोस' म्हणतात. कोकणीत त्यावर अनुस्वार चढतो आणि 'सोंस' होते. सासरी निघालेल्या मुलीला, नापास झालेल्या मुलाला, नोकरी गेलेल्या तरुणाला, विधवेला, आजाऱ्याला, सगळ्यांना आमच्याकडे हे एकच औषध दिले जाते. मीही शिक्षक म्हणून आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून ते पुष्कळ वाटले. त्या औषधाबद्दल माझ्या मनात पहिली शंका आली ती एका मुलामुळे. त्याचे नाव, त्याच्या वाड्याचे नाव मी इथे देणार नाही. तो आता मोठा झाला आहे, नोकरी करतो, आणि त्याची गोष्ट सांगण्याचा अधिकार माझ्याहून त्याचाच जास्त आहे. माझ्या चुकीपुरती ती सांगतो.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांना याचा अर्थ चटकन कळायचा नाही. डिचोली तालुक्यात तेव्हा शेती सोडून लोक ट्रकांच्या मागे लागले होते. बँकेचे कर्ज काढून एकाचे दोन, दोनाचे तीन ट्रक झाले होते. रस्त्यावर रात्रंदिवस लाल धूळ आणि हॉर्न. ती धूळ आम्हांला नको होती, पण तिच्यावर घरे चालत होती. एके दिवशी सगळे शांत झाले. ट्रक दारात उभे राहिले, त्यांच्या टायरांभोवती गवत वाढले. कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहिले. सरकारने पुढे मदतीच्या योजना काढल्या, खाणी मध्येच थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या, आणि लिलावानंतर डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडले. एवढ्या काळात एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली. त्या पिढीने घरात काय ऐकले, भिंतीपलीकडून काय ऐकले, याची नोंद कुठल्याही आयोगाच्या अहवालात सापडणार नाही.

हा मुलगा दहावीत होता. हुशार म्हणावा असा. भजनी सप्ताहात पेटीला साथ करणारा. हळूहळू तो वर्गात झोपू लागला. वह्या कोऱ्या राहू लागल्या. आधी त्याने आपल्या वर्गशिक्षकांना सांगून पाहिले होते. 'माका बरें दिसना,' तो म्हणाला. हे शिक्षक घाटावरून नवीनच आलेले. कोकणीत 'दिसणे' म्हणजे वाटणे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी त्याला शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणले आणि वडिलांना निरोप पाठवला की मुलाचे डोळे तपासून घ्या, चष्मा लागला असेल. आम्ही स्टाफरूममध्ये या गोष्टीवर हसलो होतो.

मग तो माझ्यापर्यंत आला, म्हणजे आणला गेला. वडील समोरच्या खुर्चीवर होते. मी माझे नेहमीचे भाषण केले. वडिलांवर केवढा प्रसंग आला आहे, आई कशी घर ओढते आहे, अशा वेळी मोठ्या मुलाने मन घट्ट करायचे की डोके धरून बसायचे? शेवटी मी विचारले, 'तुला काहीच वाटत नाही का?' तो मान वर करून म्हणाला, 'नाही सर. मला काहीच वाटत नाही.'

मला त्या उत्तराचा राग आला. मराठीत 'काही वाटत नाही' हे निर्लज्ज माणसाचे लक्षण आहे. आम्ही शिक्षक तर हे वाक्य वर्षाला शंभरदा प्रश्न म्हणून फेकतो, आणि त्याचे उत्तर मुलाने खाली मान घालून गप्प राहून द्यायचे असते. हा मुलगा मात्र माझ्या प्रश्नाचे अक्षरशः खरे उत्तर देत होता. त्याला आनंद वाटत नव्हता, दुःख वाटत नव्हते, भूक वाटत नव्हती, पेटीच्या सुरांनी काही होत नव्हते. मनाच्या आजाराचे ते अगदी मुख्य लक्षण आहे, हे मी पुढे वाचले. घरच्या भाषेत सांगून कुणाला कळले नाही, म्हणून तो शाळेच्या भाषेत सांगायला आला होता. एम.ए. मराठी झालेल्या मुख्याध्यापकाला तेही कळले नाही. मी त्याच्या वडिलांना म्हटले, 'लाड करू नका. थोडे सोसू दे.'

त्यानंतर तीन आठवड्यांनी, मुसळधार पावसाच्या एका रात्री, तो घरी आला नाही. आमच्याकडे मूल हरवले की पहिली भीती खाणीच्या पीटची असते. खणून सोडलेले ते भले मोठे खड्डे पावसात भरतात आणि त्यांचा ठाव कुणालाच लागत नाही. गावातली पंधरा-वीस माणसे बॅटऱ्या घेऊन निघाली. मीही होतो. ओरडून ओरडून आमचे घसे बसले.

तो सापडला तो आम्हां कुणालाच नाही. बंद खाणीवर एक म्हातारा राखणदार होता. त्याला तो पाण्याच्या काठावर बसलेला दिसला. म्हाताऱ्याने हाक मारली नाही, धावत जाऊन हात धरला नाही. थोड्या अंतरावर जाऊन बसला. विडी पेटवायचा प्रयत्न केला, पावसात ती पेटली नाही, तेव्हा काड्यांना शिवी दिली. मग विचारले, 'जेवलास?' उत्तर आले नाही. बऱ्याच वेळाने म्हातारा उठला आणि म्हणाला, 'माका दिसना रे रातचें. बॅटरी धर आनी म्हज्या फुडें चल.' मुलगा उठला, बॅटरी घेतली आणि म्हाताऱ्याला वाट दाखवत डंपाच्या उतरणीने खाली आला. हे सगळे मला त्या म्हाताऱ्याने पुढे सांगितले, तेही विशेष काही केल्यासारखे नव्हे. त्याचे डोळे खरोखरच अधू होते.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला. माझ्याकडे शब्द होते, पदवी होती, अधिकार होता आणि त्या मुलाविषयी जिव्हाळाही होता. म्हाताऱ्याकडे यांतले काय होते? त्याने उपदेश केला नाही हे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाचे, त्याने त्या मुलाला हाताला काम दिले. तेही अगदी लहान, त्या क्षणी जमेल एवढे. आणि कुणाला तरी त्याची खरी गरज आहे असे.

आपल्या गोव्यात याच जातीची एक जुनी आख्यायिका आहे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला जुझे कुस्तोदियो फारिया, म्हणजे पुढे जगाला ठाऊक झालेला आबे फारिया. त्याच्या आईवडिलांचे पटले नाही. ते वेगळे झाले, वडील पाद्री झाले, आई मठात गेली. मुलाला घेऊन वडील १७७१ साली पोर्तुगालला निघाले. पुढे हा मुलगा पाद्री झाला आणि लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली. समोर सगळा दरबार. तरुण फारियाची वाचाच बसली. तेव्हा मागे उभ्या असलेल्या वडिलांनी हलक्या आवाजात कोकणीत म्हटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' हे ऐकले मात्र, मुलाची जीभ सुटली आणि प्रवचन उत्तम झाले. या एका वाक्याने आपल्यात एवढा बदल कसा झाला, याचा विचार करता करता फारिया मनाच्या शास्त्राकडे वळला, असे सांगतात. आख्यायिका किती खरी, यावर इतिहासकार बोलोत. पण पुढचे खरे आहे. पॅरिसमध्ये, मेस्मरच्या अनुयायांचा बोलबाला असताना, फारियाने असे मांडले की माणसाला संमोहित करणारा कुठला अदृश्य प्रवाह वैद्याच्या हातातून वाहत नाही. जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते. १८१९ साली त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला त्याचा पुतळा आहे, १९४५ सालचा. शाळेच्या सहलीत मुले त्याला जादूगार समजतात. आमच्या मनोरुग्णालयालाही एकेकाळी त्याचेच नाव होते. तेच आज बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था म्हणून उभे आहे.

मला त्या वडिलांच्या वाक्यात विशेष वाटते ते असे. त्यांनी 'घाबरू नकोस' म्हटले नाही. 'आपल्या घराण्याचे नाव राख' म्हटले नाही. दरबाराची भाषा सोडून ते स्वयंपाकघराच्या भाषेत आले आणि केवढ्या मोठ्या कामाचे विळीवर बसून करायचे काम करून टाकले. मुलाची भीती खोटी ठरवली नाही. ती त्याच्या हाताला पेलेल एवढी केली. (राणीला आणि सरदारांना भाजी म्हणणे सभ्य होते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. इतक्या दुरून गेलेल्या माणसाला तेवढी सूट असावी.)

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्ही पालक-शिक्षक सोयीस्करपणे विसरतो. त्या पोराला त्या व्यासपीठावर उभे केले कोणी? समुद्र ओलांडून, आईपासून तोडून, मोठेपणाच्या शिडीवर कोणी चढवले? त्याच वडिलांनी. आज आपण सगळे काहीसे तसेच आहोत. आधी मुलाला राणीच्या दरबारात उभे करायचे, दहावीचे टक्के, प्रवेश परीक्षा, शेजाऱ्याच्या मुलाची बरोबरी, आणि मग त्याचे पाय लटपटले की धीर द्यायचा. धीर देता येणे ही चांगली गोष्ट आहेच. पण मुलाला तिथे कशासाठी उभे केले, हा प्रश्न आपल्याला आधी पडायला हवा.

सोसणे हा सद्गुण आहे की नाही? माझी पिढी तो सद्गुण मानूनच वाढली आणि मी अजूनही तो मानतो. ज्याला नकार पचत नाही, वाट पाहता येत नाही, त्याचे पुढे हाल होतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. हल्ली मुलांना 'नाही' म्हणायचेच नाही, प्रत्येक रेघोटीची वाहवा करायची, अशी एक रीत शहरांतून आमच्याकडे येऊन पोहोचली आहे. ती मला पटत नाही. खोटी शाबासकी मुलाला बरोबर ओळखू येते. त्याने त्याचा आपल्या खऱ्या शब्दावरचाही विश्वास उडतो. 'नाही' म्हणावे, शिस्त लावावी, पण 'नाही' म्हणून झाल्यावर त्याच खोलीत त्याच्याजवळ बसून राहण्याची तयारी असावी. आम्ही बहुतेक वेळा 'नाही' म्हणतो आणि उठून जातो.

तरीही प्रश्न उरतोच. या शंकेचे उत्तर मला जिथे सापडेल असे वाटले नव्हते तिथे सापडले, गीतेत. पहिल्या अध्यायाचे नाव आपण पाठ म्हणतो, अर्जुनविषादयोग. पण विषादाला योग का म्हटले, हे वर्गात कुणी विचारत नाही. अर्जुन आपले सगळे सांगतो. हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, धनुष्य गळते, मन भ्रमते. आजच्या डॉक्टरने टिपून घ्यावीत अशी ती लक्षणे आहेत. त्यावर श्रीकृष्ण प्रथम काय करतो? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत त्याला चक्क खडसावतो, हे षंढपण टाक, ऊठ. म्हणजे मी त्या मुलाला माझ्या खोलीत जे सांगितले तेच. आणि त्याचा परिणाम काय होतो? काहीही नाही. अर्जुन पुन्हा आपले दुःख सांगतो आणि लढणार नाही म्हणून गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंताची खडसावणी जिथे वाया गेली, तिथे मुख्याध्यापकाची काय कथा! खरा उपदेश त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. आणि सुखदुःखे सोस, हे वाक्य येते चौदाव्या श्लोकात. अर्जुनाचे सगळे सांगून झाल्यावर, कुणीतरी ते मधे न तोडता ऐकून घेतल्यावर. सोसण्याची आज्ञा आम्ही उचलली आणि तिच्या आधीचा जवळजवळ अख्खा अध्याय सोडून दिला. ज्याने सांगितलेच नाही त्याला सोसायला सांगणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. 'श्यामची आई' हे पुस्तक मी आजवर कितीतरी मुलांना बक्षीस म्हणून दिले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मराठी घरांत पालकपणाचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. पण त्याच साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले, हे आम्ही शाळेत सांगत नाही. सांगितलेच तर फार सुंदर शब्दांत झाकून सांगतो. त्यांच्या मनात काय चालले होते याचे निदान करण्याचा मला अधिकार नाही, कुणालाच नसावा. पण साऱ्या महाराष्ट्राला रडायला शिकवणारा तो माणूस स्वतःचे रडणे कुणाजवळ घेऊन गेला असेल? भोवती माणसे होती, प्रेम करणारी होती. त्यांना एवढ्या मोठ्या माणसाला 'गुरुजी, जेवलात का' असे विचारण्याचा संकोच वाटला असेल काय? मला माहीत नाही. आमच्याकडे एकदा एका पालकाने मला विचारले होते की असे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे काय. मी म्हटले, जरूर द्यावे. ज्याने इतके हळवे लिहिले त्यालाही एक दिवस आधाराची गरज होती, हेही मुलाला योग्य वयात सांगावे. त्याने पुस्तक लहान होत नाही आणि गुरुजीही होत नाहीत.

त्या मुलाकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला देवाला घेऊन गेली, कौल लावला, प्रसाद घेतला. मला हे कमीपणाचे वाटत नाही. प्रसाद घेऊन ती त्याच दिवशी आरोग्य केंद्रातही गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी पुढे बांबोळीला पाठवले. देवाला सांगताना का होईना, त्या घरात प्रथमच कुणीतरी मोठ्याने बोलले. (झाड-फूक करून मारहाण करणारे, गोळ्या बंद करा म्हणणारे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना दारात उभे करू नये.) 'बांबोळीला नेला' ही आमच्याकडे अजून शिवी आहे. हाड मोडले म्हणून बांबोळीला नेलेल्याला कुणी नावे ठेवत नाही. आवार बहुधा तेच, रस्ता तोच, बसही तीच. आई म्हणाली, 'सर, लोक काय म्हणतील ते मी पुढे पाहीन. आधी पोरगा पाहते.'

बरे व्हायला दीड वर्ष लागले. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात हे आधी कुणी सांगितले नसते तर वडिलांनी पहिल्याच पंधरवड्यात त्या फेकून दिल्या असत्या. मधे चार महिने छान गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सगळे खाली आले. घरच्यांना वाटले, औषध फुकट गेले. मलाही तसेच वाटले. आजारी मनाचे बरे होणे आमच्या घाटरस्त्यासारखे असते. चढताना मधे उतार लागला म्हणून आपण परत फिरलो असे होत नाही. त्याचे वर्ष बुडाले. पुढच्या वर्षी तो धाकट्यांच्या वर्गात येऊन बसला तेव्हा मी शिक्षकांची सभा घेऊन कसे वागावे, काय विचारू नये, यावर अर्धा तास बोललो. वर्गात प्रत्यक्ष घडले ते एवढेच, की एका मुलाने बाकावरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली आणि त्याला जागा करून दिली.

वडिलांची कथा वेगळी. दारात ट्रक उभा, हातात बाटली, आणि मुलाच्या आजाराला आपण कारण झालो हा खिळा छातीत. ते एका संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, कर्जाचे मी पोरांना काही कळू दिले नाही. मी विचारले, भिंती केवढ्या जाड आहेत तुमच्या? ते हसले आणि मग रडले. मुलांपासून लपवलेली गोष्ट मुलांना कळतेच, फक्त अर्धी कळते, आणि उरलेली अर्धी ती स्वतःच्या भीतीने भरतात. पुरे सत्य त्यांच्या अंगावर टाकू नये हे खरे. पण 'पैशांची ओढाताण आहे, तो विचार आम्ही मोठी माणसे करतो आहोत, तुझ्यामुळे हे झालेले नाही' एवढे तीन वाक्यांचे सत्य दहावीच्या मुलाला पेलते. पाचवीच्याही पेलते. त्या संध्याकाळी मीही त्यांना एक गोष्ट सांगितली, की तुमच्या पोराला 'सोसू दे' म्हणणारा मीच होतो. ते म्हणाले, 'सर, मीही तेच म्हणत होतो.' त्यानंतर तेही आरोग्य केंद्रात जाऊ लागले.

या आरोग्य केंद्रांविषयी एक अभिमानाची गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. 'संगात' ही संस्था १९९६ पासून गोव्यात या क्षेत्रात काम करते. तिने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने 'मानस' नावाचा मोठा प्रयोग इथेच केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने घेतले, आणि उदासी व चिंतेच्या रुग्णांशी बोलायला मानसोपचारतज्ज्ञांऐवजी थोडे प्रशिक्षण दिलेली स्थानिक सर्वसाधारण माणसे बसवली. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत असा माणूस मिळालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत शंभरात सुमारे ६६ बरे झाले. न मिळालेल्यांत सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक पडला नाही. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात तीव्र उदासीच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत काय शिकवले? मनाची उकल वगैरे फार नाही. दिवसातली लहानलहान कामे पुन्हा हातात घ्यायची, माणसांत थोडे थोडे जायचे, आणि कुणीतरी त्याची विचारपूस करत राहायची. तीन महिन्यांनी तिथे ६४ टक्के सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. मी हे वाचले आणि मला बॅटरी आठवली. अर्थात म्हाताऱ्याच्या एका रात्रीने तो मुलगा बरा झाला असे कुणी समजू नये. त्या रात्रीने त्याला डॉक्टरपर्यंत पोहोचवले. पुढचे काम गोळ्यांनी, डॉक्टरांनी आणि त्याच्या आईने केले.

आईवरून आठवले. आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला कोण पाहते? कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले, मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी हे लपवले नाही. पुण्यात त्यासाठी संस्था उभी केली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट त्यांच्या मदतीने झाला. पुण्या-ठाण्याच्या आधारगटांत आता रुग्ण हा शब्द टाळून 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. मला हे शब्द आवडले. शब्द बदलून आजार जात नाही, पण सांभाळणाऱ्यालाही एक नाव मिळाले, म्हणजे तोही माणूस आहे, थकतो, त्यालाही रविवार हवा, हे मान्य झाले. त्या मुलाच्या आईला दीड वर्षात एकही रविवार मिळाला नव्हता. शेजारणींनी आळीपाळीने तिच्या घरी बसायचे ठरवले तेव्हा ती प्रथम दिवसभर झोपली.

कायदाही थोडा पुढे आला आहे, हे घरोघरी कळायला हवे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच तो कायदा धरून चालतो. त्याला शिक्षेऐवजी उपचार देणे सरकारचे कर्तव्य ठरवतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून कुणालाही, फुकट, दिवसा-रात्री बोलता येते. आमच्या शाळेच्या फलकावर सुविचार लिहायची जागा आहे. तिच्या खाली हा आकडा मी कायमचा रंगवून घेतला आहे. एक पालक म्हणाले, त्याने शाळेचे नाव खराब होईल. मी म्हटले, अग्निशामक दलाचा आकडा लिहिला म्हणून शाळा जळत नाही.

माझ्या हातून आता हे सगळे नीट होते, असे मात्र नाही. सवय जुनी आहे. अजून 'तुला काही वाटत नाही का' हे वाक्य ओठांवर येते आणि कधी बाहेरही पडते. ऐकून घेणे हे बोलण्याहून फार अवघड काम आहे, विशेषतः ज्याने आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतला त्याला. शिवाय प्रत्येक उदास चेहऱ्यामागे आजार असतो असेही नाही. आळस असतो, प्रेमप्रकरण असते, रात्रभर पाहिलेला मोबाइल असतो. कुठले काय हे ओळखण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. आता शाळांत समुपदेशक येतात, मी त्यांना विचारतो. पण मूल माझ्या दारात उभे राहते ते त्यांच्या वारी येऊन उभे राहत नाही.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. आठवीतली एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. 'सर, बरे दिसत नाही,' म्हणाली, अर्धे मराठी, अर्धे कोकणी. मी सही करता करता पेन खाली ठेवले आणि तिला बसायला सांगितले. ती बसली आणि काहीच बोलली नाही. मलाही काय बोलावे सुचेना. घड्याळाची पाच मिनिटे फार मोठी असतात. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात नव्या वर्षाचे खडूंचे खोके येऊन पडले होते, ते मोजायचे राहिले होते. मी तिला म्हटले, 'मला जरा मदत करतेस? बिलावर साठ आहेत, बघ बरोबर आहेत का.' ती खाली बसून मोजू लागली. मी तिच्या वर्गात निरोप पाठवला आणि माझ्या कागदांत डोके घातले. तिने दोनदा मोजले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा ती उठली, फ्रॉकवरचा पांढरा हात झटकला आणि म्हणाली, 'सर, एक कमी आहे.' मग दारापर्यंत जाऊन थांबली आणि तिने विचारले, 'उद्या येऊ?'